श्रमदान आणि घरबांधणी : एक टिपण

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून 'श्रमदान' हा शब्द महाविद्यालयांत इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात आमचा १४ जणांचा गट शहराच्या पूर्वेकडील एका वस्तीत दोन घरांच्या बांधकामाला मदत करण्यासाठी दर रविवारी जात होता. तेथे जे पाहिले त्याला थोड्या वाचनाची जोड देऊन एक साधा प्रश्न मी येथे मांडीत आहे. दुसऱ्याचे घर उभारण्यात आपल्या श्रमाचे मोल नेमके किती?

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. छप्पर तातडीने हवे होते. म्हणून गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निस्सन हट उभ्या राहिल्या. ही रचना मूळची पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याची! वाड्यात, चौकात, ओसरीवर वाढलेल्या माणसांनी त्या पत्र्याखाली संसार मांडले. घाईच्या वेळी घराचा आकार कोणाला विचारून ठरत नाही, आणि त्याबद्दल आज कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण तात्पुरते म्हणून दिलेले घर वर्षानुवर्षे वापरावे लागते, ही गोष्ट आपल्या शहराने जवळून पाहिली आहे.

याच्या अगदी उलट टोकाची कल्पना म्हणजे 'ओटा'. निगडीची ओटा स्कीम पुष्कळांना बसच्या थांब्यामुळे माहीत असते. नावाचा अर्थ मात्र क्वचितच कोणी विचारतो. ओटा म्हणजे बांधून दिलेले जोते. त्यावरचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे चढवायचे. मला स्वतःला ही कल्पना निस्सन हटपेक्षा अधिक माणुसकीची वाटते, जरी तीत सारा भार गरिबाच्याच खांद्यावर राहतो.

तिसरा मार्ग येरवड्यात दिसला. २००५ च्या अखेरीस सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाखाली येथील काही वस्त्यांत जागच्या जागी घरे बांधण्याचे ठरले. महिला मिलनच्या बायका, स्पार्क ही संस्था आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी मिळून हे काम केले. पक्की घरे तशीच ठेवायची, कच्ची तेवढी पाडून नवी बांधायची, म्हणजे गल्ली आणि शेजार मोडत नाही. घर २७० चौरस फुटांचे. खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा कुटुंबाने द्यायचा. घरोघर फिरून पाहणी करणे, संमती मिळवणे आणि आराखड्यावर वाद घालणे ही कामे वस्तीतल्या बायकांची. घर हे 'देण्याची' वस्तू न राहता ठरवण्याची वस्तू झाली, हे मला यातले सर्वांत मोठे वाटते.

आता आमच्या कामाकडे वळतो. गल्ली इतकी अरुंद, की विटांची गाडी नाक्यावरच रिकामी करावी लागे. तेथून साखळी करून विटा आत पोचवायच्या, त्या पाण्यात भिजवायच्या, वाळू चाळायची, माल कालवायचा आणि घमेली गवंड्याच्या हाताशी न्यायची. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, हे मला तिसऱ्या वर्षाच्या कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. ओळंब्याला आम्हांला हात लावू दिला नाही, हे योग्यच झाले.

दुसऱ्या रविवारी गवंडी सहज म्हणाले, "पोरांनो, तुम्ही चौदा जण मिळून दोन बिगाऱ्यांचं काम करता." आम्ही हसलो. पण वाक्य डोक्यात राहिले. ते दोन बिगारी कोण? सकाळी मजूर अड्ड्यावर कामाची वाट पाहत उभी असणारी माणसे, आणि त्यांतली काही याच वस्तीतली. या शहराच्या इमारती बांधणाऱ्या वडार आणि इतर कष्टकरी कुटुंबांच्या अंगणात आम्ही बांधकाम 'शिकवायला' नव्हे, शिकायला गेलो होतो. आणि आमचे फुकटचे श्रम कोणाची तरी रोजी तर हिरावीत नव्हते? गटात यावर कडाक्याचा वाद झाला. एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की मजुरी वाचली तर त्या पैशांतून घराला खिडकी बसते. दुसऱ्याचे म्हणणे, खिडकीचे पैसे आपण वर्गणीने जमवावेत आणि मजुराला त्याचे काम करू द्यावे. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

येथे पियेर सेरेझोल या स्विस इंजिनिअरची आठवण होते. १९२० साली त्याने व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले, त्यांत जर्मनही होते. पुढे १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारमध्येही आला. कालच्या शत्रूने आपल्या घराची भिंत रचावी, हाच त्याच्या फ्रान्समधील कामाचा खरा आशय होता. विटा किती रचल्या हा हिशेब त्याच्यापुढे दुय्यम असावा. आमच्यापुढे मात्र तो दुय्यम नव्हता, कारण घर पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे होते.

वादाचा निकाल त्या घरच्या मावशींनीच लावला. त्या म्हणाल्या, "रविवारी समदे येता, सोमवारी भिंत कोरडी पडती. पाणी कोण मारनार?" मावशी आणि त्यांचे यजमान दोघेही पहाटे कामाला बाहेर पडतात. नव्या बांधकामावर निदान आठवडाभर रोज पाणी मारावे लागते, नाही तर सिमेंटला ताकद येत नाही. आणि या कामासाठी कोणी स्वतंत्र मजूर लावीत नाही. म्हणजे कोणाच्याही मजुरीला धक्का न लावता करता येईल असे काम समोरच होते. फक्त त्याचे छायाचित्र चांगले येत नाही!

त्याच संध्याकाळी आम्ही पाळ्या लावल्या. रोज दोघे, सकाळी साडेसहाला, पहिल्या तासापूर्वी. पाणी सार्वजनिक नळावरून आणायचे, आणि तेही वस्तीतल्या बायकांचे हंडे भरून झाल्यावर. पहिल्या आठवड्यात बुधवारची पाळी माझी होती.