शिंग नव्हे, दात!

हत्तीचे सुळे तुम्ही निदान चित्रात तरी पाहिले असतील. पण माणसाच्या उंचीपेक्षा लांब, सरळ आणि दोरीसारखा पीळ असलेला दात कोणाला असतो, हे ठाऊक आहे का? असा दात नारव्हाल या देवमाशाला असतो.

नारव्हाल उत्तर ध्रुवाजवळच्या आर्क्टिक समुद्रात राहतो. कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांजवळ आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ तो जास्त आढळतो. देवमासा हा खरे तर मासा नव्हे. तो सस्तन प्राणी आहे. मादी पिलाला जन्म देते व दूध पाजते. तो फुप्फुसांनी श्वास घेतो. त्यासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. मुलांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा.

दात सोडून नारव्हालची लांबी चार ते पाच मीटर असते. मोठ्या नराचे वजन सुमारे १६०० किलोग्रॅम भरते. पिलू करड्या रंगाचे असते. वय वाढते तसे अंगावर पांढरे ठिपके येतात. म्हातारा नारव्हाल जवळजवळ पांढरा दिसतो. कातडीखालच्या चरबीच्या जाड थरामुळे त्याचे थंडीपासून रक्षण होते. त्याच्या पाठीवर पर नसतो. त्यामुळे बर्फाखाली पोहणे सोपे जाते.

नराच्या वरच्या जबड्यातील डावा सुळा ओठातून बाहेर येतो आणि वाढत जातो. तो तीन मीटरपर्यंत लांब होऊ शकतो. थोड्याच माद्यांना असा दात असतो. गंमत अशी, की एवढा मोठा दात असूनही नारव्हालच्या तोंडात चावायला एकही दात नसतो! तो भक्ष्य ओढून घेतो आणि तसेच गिळतो. या दातात असंख्य मज्जातंतू असतात. पाण्यातील खारटपणाचा बदल त्याला दाताने जाणवतो, असे २०१४ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रफितीत नारव्हाल दाताच्या फटक्याने माशांना बधिर करताना दिसले.

पूर्वी युरोपातील व्यापारी हा दात 'एकशिंगी घोड्याचे शिंग' म्हणून विकत. या शिंगामुळे विष उतरते, अशी लोकांची समजूत होती. राजेरजवाडे त्यासाठी भरमसाट पैसे देत. १६३८ साली डेन्मार्कच्या ओले वर्म या वैद्याने खरी शहानिशा केली. हे शिंग नसून नारव्हालचा दात आहे, हे त्याने दाखवून दिले.

हिवाळ्यात समुद्र बर्फाने झाकला जातो. तेव्हा नारव्हाल दीड किलोमीटरहूनही खोल बुडी मारून मासे पकडतो. अंधारात तो आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य ओळखतो. सुमारे पंचवीस मिनिटांनी त्याला श्वासासाठी वर यावे लागते. वर येण्यासाठी बर्फात फक्त अरुंद भेगा असतात. या भेगा अचानक गोठल्या तर कळपच्या कळप अडकतात. २००८ साली कॅनडातील पाँड इनलेट गावाजवळ पाचशेहून अधिक नारव्हाल असे अडकले. त्यांच्या सुटकेचा मार्ग उरला नाही. शेवटी तेथील इनुइट शिकाऱ्यांनी त्यांना मारले. इनुइट लोक पिढ्यान्पिढ्या नारव्हालवर जगत आले आहेत. त्याच्या कातडीतून त्यांना क जीवनसत्त्वही मिळते.

आज पृथ्वीचे तापमान वाढत आहे. आर्क्टिकचा बर्फ कमी होत आहे. तेथे जहाजांची ये-जा वाढली आहे. जहाजांच्या आवाजाने नारव्हाल बिचकतो आणि शिकार सोडून देतो. एके काळी माणसाने त्याच्या दाताबद्दल खोट्या गोष्टी रचल्या. आता त्याच्याबद्दल खरी माहिती मिळाली आहे. तिचा उपयोग त्याला वाचवण्यासाठी करणे, हे आपले काम आहे.

शब्दार्थ
भक्ष्य – खाण्यासाठी पकडलेला प्राणी
बधिर – संवेदना नसलेला
शहानिशा – खरे-खोटे तपासणे

स्वाध्याय
१. देवमासा हा मासा का नाही?
२. बर्फातील भेगा गोठल्या तर नारव्हालचे काय होते? का?
३. ओले वर्म याने कोणती समजूत खोटी ठरवली?