दुपारच्या हवेनें उकळणारा द्रव

पाणी उकळावयाचें तर चूल पेटवावी लागते. परंतु कांहीं द्रव असे आहेत कीं, त्यांस अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरील दुपारची हवाच पुरते. आयसोपेंटेन हा त्यांपैकीं एक होय. तो २८ अंश सेल्सिअसला उकळतो. जानेवारीच्या पहांटे तो बाटलींत पाण्यासारखा स्वच्छ व निश्चल दिसेल; मे महिन्याच्या दुपारीं बूच काढतांच त्यास बुडबुडे येऊं लागतील.

याचें कारण त्याच्या रेणूच्या रचनेंत आहे. कार्बनचे पांच व हायड्रोजनचे बारा परमाणु मिळून पेंटेनचा रेणु होतो. पांचहि कार्बन एका ओळींत असले, तर तो द्रव ३६ अंशांवर उकळतो. त्यांतील एक कार्बन फांदीप्रमाणें बाजूस जोडला गेला कीं आयसोपेंटेन होतो. सरळ रेणु एकमेकांस लांबवर बिलगून राहतात. फांदी असलेल्यांस तितकें जवळ येतां येत नाहीं, म्हणून ते लवकर सुटतात व त्यांची वाफ होते. दोन फांद्या असलेलें तिसरें भावंड तर साडेनऊ अंशांवरच उकळतें. परमाणु तेच, संख्या तीच, केवळ मांडणी निराळी! रसायनशास्त्रांतील ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

हा द्रव आपणांस परका नाहीं. खनिज तेलांतून तो मिळतो, आणि पेट्रोलमध्यें तो असतोच. मासळी बर्फांत घालून पाठविण्याच्या थर्मोकोलच्या पेट्या ज्या दाण्यांपासून बनतात, ते फुगविण्यास पेंटेन वापरतात. त्यांतहि पुष्कळदां आयसोपेंटेन मिसळलेला असतो.

आपल्या कोळी बांधवांच्या मोठ्या होड्या डिझेलवर चालतात. डिझेल सहजासहजीं वाफ देत नाहीं. त्यामुळें हाताळणाऱ्यास एक प्रकारची निर्धास्त संवय जडते. तीच संवय पेट्रोलच्या डब्याशीं ठेवली कीं घात होतो. आयसोपेंटेनची वाफ हवेच्या सुमारें अडीचपट जड असते. ती वर उडून न जातां जमिनीलगत वाहते, खड्ड्यांत उतरते, होडीच्या तळांत साचते, आणि डोळ्यांस दिसत नाहीं. हवेंत ती शेंकडा १.४ ते ७.६ इतकी झाली कीं एक ठिणगी पुरे. एक लिटर द्रवापासून सुमारें २०० लिटर वाफ होते. म्हणजे १५ घनमीटरांच्या लहानशा खोलींतील सारी हवा पेटण्याजोगी होऊं शकते. विडी दूर ओढली तरी चिंता मिटत नाहीं, कारण ज्वाला वाफेच्या वाटेनें मूळ डब्यापर्यंत धांवत येते.

आग लागल्यास तीवर पाणी ओतूं नये. या द्रवाची घनता ०.६२ आहे, तो पाण्यावर तरंगतो व जळत जळत पसरतो. लहान आगीवर कोरडी वाळू टाकावी. मोठीस फेस किंवा अग्निशामक भुकटी लागते.

आणखी एक गोष्ट पालकांसाठीं. पिंपांतून पेट्रोल काढतांना रबरी नळी तोंडानें ओढण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. घोटभर द्रव घशांत गेला, तर पोटापेक्षां फुप्फुसांस अधिक धोका असतो. इतका पातळ द्रव श्वासनलिकेंत सहज शिरतो व तेथें दाह उत्पन्न करितो. म्हणून अशा वेळीं मिठाचें पाणी पाजून वांति मुळींच करवूं नये, कारण वर येतांना तो फुप्फुसांत जाण्याची भीति अधिक. मुलगा बरा दिसत असला तरी त्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें, आणि काय गिळलें तें आधीं सांगावें.