चित्रावरील क्लिक : कार्ल्याच्या खांबांवरून एक पाठ



कार्ल्याच्या चैत्यगृहात मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी १५ खांब आहेत आणि स्तूपामागे ७ साधे अष्टकोनी खांब आहेत. काही खांबांवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट येथील यवनांनी दान केलेले खांबही त्यांत आहेत. या चैत्यगृहाचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर काढावा आणि लेख असलेल्या खांबावर माऊसने क्लिक करताच त्या दात्याचे नाव दिसावे, असा प्रोग्रॅम कसा रचता येईल, ते या पाठात पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पडद्यावर काढलेले वर्तुळ म्हणजे केवळ रंगीत ठिपक्यांचा समूह होय. आपण खांब आहोत, हे त्याला ठाऊक नसते. क्लिक केल्यावर प्रोग्रॅमला मुख्यतः दोन संख्या मिळतात : क्ष आणि य. येथे य वरून खाली मोजला जातो, हा वहीतील आलेखाहून वेगळेपणा होय. म्हणून प्रत्येक खांबाचा मध्यबिंदू, त्रिज्या आणि लेख यांची यादी प्रोग्रॅमने स्वतः ठेवली पाहिजे. क्लिक होताच जे कार्य चालवावयाचे, ते आधीच नेमून ठेवावे लागते. त्यास 'इव्हेंट हँडलर' म्हणतात.

क्लिक खांबावर पडले की बाहेर, हे पायथागोरसच्या सिद्धान्ताने ठरते. समजा, मध्यबिंदू (१२०, ८०) आणि त्रिज्या १० आहे. क्लिक (१२६, ८८) येथे झाले, तर फरक ६ आणि ८; त्यांच्या वर्गांची बेरीज ३६ + ६४ = १००. त्रिज्येचा वर्गही १००च. म्हणजे क्लिक नेमके कडेवर आहे व ते आपण खांबाचेच मानू. (१२८, ८८) येथे मात्र बेरीज १२८ येते. ते क्लिक बाहेरचे. वर्गांचीच तुलना केल्यामुळे वर्गमूळ काढावे लागत नाही.

आता भाज्याला जाऊ. तेथे १४ स्तूपांचा समूह आहे : ५ आत आणि ९ बाहेर. समोरून त्याचे चित्र काढले, तर काही स्तूप एकमेकांस झाकतील. चित्र काढताना मागचा स्तूप आधी व पुढचा नंतर काढावा. क्लिक तपासताना क्रम उलटा घ्यावा : शेवटी काढलेला आधी तपासावा आणि पहिला जुळताच थांबावे. अन्यथा पाहणाऱ्याने पुढच्या स्तूपावर बोट ठेवावे आणि उत्तर मागच्या स्तूपाचे मिळावे, असे होईल.

पायथॉन भाषेतील टिकिंटरच्या कॅनव्हासवर काढलेल्या प्रत्येक आकृतीस क्रमांक मिळतो आणि तिच्याशी क्लिक जोडता येते. आकृत्या एकमेकींवर आल्या, तर सर्वांत वरची आकृती कॅनव्हास स्वतः निवडतो. तरी दोन ठिकाणी सावध राहावे. वर्तुळात रंग भरला नसेल, तर त्याच्या पोकळ मध्यभागी केलेले क्लिक त्या वर्तुळास मिळत नाही. केवळ रेषेजवळचे मिळते. तसेच चित्र सरकवले असता मिळणारे क्ष आणि य खिडकीचे असतात, चित्राचे नव्हेत. चित्र डावीकडे २०० सरकले असेल, तर खिडकीतील ५० हे चित्रातील २५० होय. हा फरक विसरल्यास प्रोग्रॅम कोणतीही चूक न दाखवता शेजारच्या खांबाचे नाव सांगेल.

ही चूक लहान मानू नये. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोणी एका माणसाने आपल्या कमाईतून एक खांब दिला आणि त्यावर आपले नाव कोरवले. आपल्या एका चुकीच्या वजाबाकीने ते दान दुसऱ्याच्या नावे जाऊ नये.

म्हणून प्रोग्रॅम लिहून झाल्यावर प्रत्येक खांबाच्या मध्यावर, कडेवर आणि कडेबाहेर क्लिक करून पाहावे. मग चित्र सरकवून पुन्हा पाहावे. धम्माला 'एहिपस्सिक' म्हणतात : या आणि स्वतः पाहा. संगणकाच्या उत्तरालाही हीच कसोटी लावावी. पुढील सहलीत नकाशा सोबत घ्यावा आणि पडद्यावरील प्रत्येक नाव दगडावरील नावाशी ताडून पाहावे.