काम नाकारले म्हणून भत्ता गेला का?

प्रश्न : कापूस वेचणी संपल्यावर हाताला काम नसतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत रोजगार हमीचं काम तोंडी मागितलं. महिनाभर काही नाही. मग नऊ किलोमीटरवर बोलावलं. सासूबाई आजारी, जाता आलं नाही. आता भत्ताही नाही म्हणतात.
– एक भगिनी, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, तुमच्या अर्जाला २००५ चा कायदा लागू. मागणीनंतर १५ दिवसांत काम मिळालं नाही, तर पहिले ३० दिवस किमान पाव मजुरी भत्ता, पुढे निम्मी. नेमून दिलेल्या कामावर न गेल्यास तीन महिने भत्ता थांबतो, हे खरं. पण काम मागण्याचा हक्क कायम राहतो. आणि माझ्या मते, बोलावण्याआधी काम न मिळालेल्या दिवसांचा भत्ता यानं बुडत नाही. शिवाय पाच किलोमीटरपलीकडे काम दिलं, तर १० टक्के जादा मजुरी द्यावी लागते. ती सांगितली होती का, हे विचारा.

अडचण पुराव्याची आहे. तारखेची पोच नसली की मागणी केलीच नाही, असं सहज म्हणता येतं. १९७७ मध्ये महाराष्ट्रानं देशाच्या आधी हा हक्क कायद्यात आणला, तिथं मजुराला एका कागदासाठी अडावं लागावं, हा अन्याय आहे.

कामाच्या मागणीचे साक्षीदार, जॉबकार्ड आणि आजारपणाचे कागद जोडून तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, आणि तिची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.