कुलाब्याचा लोप पावलेला लोहमार्ग

पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग आज चर्चगेट येथे संपतो. तथापि १९३० पर्यंत तो पुढे कुलाब्यापर्यंत जात असे. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. परंतु बॅकबे भरणी योजनेसाठी रेल्वेची जमीन आवश्यक ठरली. डिसेंबर १९३० मध्ये मुंबई सेंट्रल स्थानक सुरू होऊन लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे वळविण्यात आल्या आणि वर्षअखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले. विद्युतीकरणास तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. स्थानकाच्या जागी पुढे बधवार पार्क ही रेल्वे वसाहत उभी राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोहोचली, मात्र भुयारातून. शहरात एकदा सोडलेला लोहमार्ग भूपृष्ठावर परत मिळविणे किती दुष्कर असते, याची साक्ष हा इतिहास देतो.