बर्फावर जायच्या आधी

चि. सानिका,

ध्रुवीय हवेवर पोस्टडॉक करायचं तुझं ठरतंय, असं ताईकडून कळलं. या विषयाच्या जाहिरातीत जहाज, अस्वल आणि ध्रुवप्रकाश दिसतात. खरी झटापट मात्र बर्फावरच्या पहिल्या काही मीटर हवेत चालते, आणि तिचा निकाल बहुतेक वेळा संगणकासमोर लागतो.

‘शेबा’ मोहिमेचंच घे. ऑक्टोबर १९९७ मध्ये ब्यूफोर्ट समुद्रात कॅनडाचं एक बर्फफोडं जहाज मुद्दाम बर्फात अडकवलं गेलं आणि वर्षभर बर्फाबरोबर वाहू दिलं. त्या नोंदींतून दिसलं, की हिवाळ्यात तिथे बहुधा दोनच अवस्था असतात. आकाश निरभ्र असलं की पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४० वॅट उष्णता वर गमावतो; पाण्याचे थेंब असलेले खालचे ढग आले की हा तोटा जवळजवळ शून्यावर येतो. (उणे वीस अंशांतही ते थेंब गोठत नाहीत!) मधली अवस्था क्वचितच. त्यामुळे महिन्याच्या सरासरीवर भिस्त ठेवणारा संशोधक अशा हवेबद्दल लिहितो, जी तिथे फारशी नसतेच.

म्हणून आधी उपकरणांचे दोष शिकून घे. निरभ्र, गारठलेल्या रात्री रेडिओमीटरच्या काचेवर हिमकण जमतात. ते स्वतःच उष्णता फेकतात आणि नोंदीत नसलेला ढग उमटतो. म्हणजे त्या दोन अवस्थांतला फरकच पुसला जातो. अलास्कात उटकियाग्विकला २०१७-१८ मध्ये अनेक रेडिओमीटर शेजारीशेजारी ठेवून हिमकण कसे टाळावेत याचीच चाचणी झाली. असं काम मुखपृष्ठावर झळकत नाही, पण बाकीच्यांचे निष्कर्ष त्यावर उभे असतात.

दुसरं उदाहरण २०१९ चं. जुन्या निरीक्षणांना मॉडेलची जोड देऊन हवेचा जो सलग इतिहास तयार करतात, त्यात हिवाळी समुद्रबर्फाचा पृष्ठभाग निरभ्र दिवसांत पाच-दहा अंशांनी जास्त उबदार निघत होता. ढगांवर, वाऱ्यावर संशय घेणं सोपं होतं. नॉर्वेच्या हवामान संस्थेतल्या बात्राक आणि म्युलर यांनी उपग्रहांच्या मोजमापांशी ताडून पाहिलं, तर मुख्य गोम बर्फावरच्या हिमाच्या थरात सापडली. मॉडेलमध्ये तो थर नव्हताच! हिम म्हणजे गोधडी. ती नसली की समुद्राची ऊब बर्फातून सहज वर येते. असा प्रश्न पोस्टडॉकच्या दोन वर्षांत पेलतो. ‘ध्रुवीय हवामानबदल’ नाही पेलत.

गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून आर्क्टिकमधल्या नी-ऑलेसुंडच्या ‘हिमाद्री’ या भारतीय तळावर जायची वाट आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीय तुकड्या तिथे हिवाळ्यातही जाऊ लागल्या, ही मोठी सोय. जरूर जा. पण ते ठिकाण डोंगरांमधल्या फियोर्डच्या काठी आहे. वारा तिथे दरीच्या तोंडाने वळतो. तिथला निष्कर्ष उचलून मध्य आर्क्टिकला लावू नकोस. त्यासाठी ‘पोलारस्टर्न’ जहाजाच्या २०१९-२० मधल्या ‘मोझेइक’ मोहिमेचा डेटा खुला आहे.

मुलाखतीत पगाराइतकंच हेही विचार: कच्च्या नोंदी आणि उपकरणांची रोजची वही बघायला मिळेल का? डेटा कुणी साफ केला, आणि तो माणूस अजून तिथे आहे का? उत्तरं टाळली गेली, तर संस्था कितीही नावाजलेली असो, दुसरी शोध. उत्तरं काय मिळतात ते कळव.

तुझा,
मामा