गोठ्यातील आश्रित : अहिंसाविचाराचा एक पाठ



अहिंसेचा विचार करू लागलो की आपल्या दृष्टीसमोर प्रथम शस्त्र येते. सुरी, सापळा, गोफण, किंवा वाटेवरच्या मुंगीवर पडणारे आपलेच पाऊल. म्हणून आपण पाणी गाळून घेतो, पाहून पाऊल टाकतो, आणि एवढ्याने हे व्रत सांभाळले असे मानतो. तथापि जिच्यात शस्त्र नाही, रक्त नाही आणि कोणाचा हातही उगारलेला नाही, अशीही एक हिंसा आहे. ती गावोगावच्या गोठ्यात मुकाट्याने घडते आणि तिचे फळ दुधाच्या रूपाने आपल्या भिक्षापात्रात येते. प्रस्तुत पाठात तिचा विचार कर्तव्य आहे.

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा सर्वांस परिचित आहे. शिकारी आणि कुत्री पाठीस लागल्याने भयभीत झालेला ससा धावत येऊन श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली लपला. शिकाऱ्यांनी आपली शिकार मागितली. स्वामींनी ती दिली नाही, त्यांना समजाविले आणि ससा जिवंत सुटला. आजच्या विषयासाठी या लीळेतून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हा ससा कोणाच्या काय उपयोगाचा, हा प्रश्न तेथे उत्पन्नच झाला नाही. दुसरी, तो आश्रयास आला एवढ्यानेच रक्षणाचे कर्तव्य निर्माण झाले. तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे. मांडी नुसती उचलली असती तरी सशाचा प्राण गेला असता, आणि मारणारा हात दुसऱ्याचाच ठरला असता. पण तसे घडले नाही. तस्मात आश्रिताच्या बाबतीत 'मी मारले नाही' एवढे उत्तर पुरेसे नाही. 'मी मरू दिले काय?' हाही प्रश्न विचारला पाहिजे.

आता गोठ्याकडे वळू. ससा आपल्या पायांनी आश्रयास आला होता. गोठ्यातील जनावरास आपण दाव्याने बांधले आहे. त्याला स्वतः चारा शोधता येत नाही, पाण्यावर जाता येत नाही, उन्हातून सावलीत सरकताही येत नाही. किंबहुना सशाहूनही ते अधिक आश्रित आहे, कारण त्याची निराधार अवस्था ही आपलीच कृती आहे.

श्रीचक्रपाणिप्रभूंच्या अवतारस्थानी, फलटणास, दर्शनार्थ जाणाऱ्यांना सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे दुहेरी रूप ठाऊक असते. पश्चिमेस कऱ्हाड, वाळवा, पलूस हा कृष्णाकाठचा उसाचा मुलूख, आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा प्रदेश. दोन्ही ठिकाणी दूध हा आज संसाराचा आधार आहे. भिलवडीस चितळे यांचा दूधव्यवसाय १९३९ साली सुरू झाला. पुढे सहकारी संघ उभे राहिले. १९६७ साली उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी स्थापिलेल्या 'बाएफ' संस्थेने संकरित गाईंचा प्रसार केला, आणि १९७० ते १९९६ या काळातील 'दुग्धमहापूर' योजनेने गावचे दूध शहरास जोडले. ऊस वर्षाने पैसे देतो, दुधाचे बिल मात्र दहा दिवसांनी हाती येते. त्यावर कित्येक घरांची चूल आणि मुलांचे शिक्षण चालते. हे उपकार नाकारून पुढील विचार करणे न्यायाचे होणार नाही.

परंतु दूध हवे तर गाय विणे अवश्य आहे, आणि विणाऱ्या गाईस जितक्या कालवडी होतात जवळजवळ तितकेच गोऱ्हे होतात. माणदेशातील खिल्लार खोंडास पूर्वीपासून मोल आहे. तो औतास चालतो आणि खरसुंडी, पुसेगाव येथील यात्रांच्या बाजारात त्यास गिऱ्हाईक मिळते. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींस पुन्हा अनुमती दिल्यापासून त्याची मागणी वाढली. त्या शर्यतींतील क्लेश हा स्वतंत्र पाठाचा विषय आहे. संकरित गोऱ्ह्याचे मात्र तसे नाही. त्याला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, आणि शेतात आता ट्रॅक्टर आला आहे. म्हशीच्या रेडकाची गतीही तीच. २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंशातील माद्या सुमारे १४ कोटी ५१ लाख, तर नर सुमारे ४ कोटी ७४ लाख आढळले. जन्म समसमान असता एवढे अंतर का पडले? काही नर विकले गेले, काही कत्तलीस गेले, हे खरे. परंतु काही दाव्यालाच संपले, हेही तितकेच खरे.

ते कसे संपतात, याचे गणित सोपे आहे. तीस किलो वजनाच्या वासरास वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे रोज तीन लिटर दूध लागते. तीन महिन्यांचे २७० लिटर झाले. लिटरला ३० रुपये धरल्यास ८,१०० रुपये. कालवड असेल तर ही गुंतवणूक ठरते, गोऱ्हा असेल तर तोटा. मग चीक अपुरा पाजला जातो, दूध आणखी कमी, आणि आठ-पंधरा दिवसांत हगवणीचे निमित्त होऊन ते वासरू जाते. कोणी मारलेले नसते.

माण तालुक्यात अटन करीत असता एका गावी एका माउलीने तांब्याभर धारोष्ण दूध भिक्षेत वाढले. मागील बाजूस वैरणीच्या आडोशाला चार-सहा दिवसांचा गोऱ्हा बांधलेला होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आमची दृष्टी तिकडे गेलेली पाहून ती माउली आपणहून बोलली, "बाबा, ह्याला पाजलं तर डेरीला काय घालू? आन् सोडून दिलं तर रानात कुत्री खात्याल." तिच्या बोलण्यात निर्दयपणा नव्हता, डोळे भरून आले होते. आम्ही दूध घेतले, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र देऊ शकलो नाही. हा पाठ त्या उत्तराचा शोध आहे.

येथे कोणी म्हणेल की शासनाने कायदा केलेला आहेच. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या हत्येस बंदी होती, मार्च २०१५ पासून ती वळू आणि बैल यांसही लागू झाली. परंतु कायदा सुरी थांबवितो, भूक थांबवीत नाही. शिवाय म्हैस व रेडा या बंदीच्या बाहेर आहेत. आपल्या दर्शनात गाय ही देवता म्हणून पूज्य नाही, जीव म्हणून रक्षणीय आहे, आणि रेडकूही तसाच जीव आहे. म्हणून आपल्या अहिंसेला गाईचे वासरू आणि म्हशीचे रेडकू यांत भेद करता येत नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याची दृष्टी याबाबतीत अधिक व्यापक आहे. त्याच्या ११ व्या कलमानुसार जनावरास पुरेसे अन्नपाणी व आसरा न देणे, किंवा फार आखूड दाव्याने दीर्घकाळ बांधून ठेवणे हाही अपराध आहे.

शंका : वासरू गेल्यावर गाय-म्हैस पान्हा सोडीत नाही. मग इंजेक्शन दिले तर दोष कोणता?

समाधान : वासराने कासेला तोंड लावले, ढुशी दिली, की मातेच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव रक्तात उतरतो आणि पान्हा सुटतो. ती भ्याली किंवा दुखावली तर पान्हा चोरते. म्हणजे पान्हा हे तिच्या विश्वासाचे चिन्ह आहे. तोच स्राव सुईने रोज टोचून धार काढणे म्हणजे तिच्या संमतीवाचून घेणे होय. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवणे ही तर उघड फसवणूक आहे. उपरोक्त कायद्याचे १२ वे कलम दूध वाढविण्यासाठी केलेल्या, जनावराच्या प्रकृतीस अपायकारक अशा कोणत्याही क्रियेस, इंजेक्शनसुद्धा, अपराध ठरविते.

शंका : तर मग दूधच वर्ज्य करावे काय?

समाधान : तसे करणाऱ्यांची चेष्टा करू नये. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दुधाचा त्याग केला, त्याचे एक कारण कलकत्त्यातील गवळ्यांचे गाईम्हशींवरील क्रौर्य हे होते. पुढे कठीण दुखण्यात त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि आपल्या प्रतिज्ञेला बाध आला याची खंत प्रामाणिकपणे नोंदविली. ज्यास शक्य असेल त्याने त्याग अवश्य करावा. परंतु आपण दूध सोडल्याने दावणीला बांधलेल्या जीवाचा प्रश्न त्याच दिवशी सुटत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे पहिले कर्तव्य असे की, ज्याच्या निमित्ताने ते दूध उत्पन्न झाले त्याचा वाटा काढल्यावाचून ते घेऊ नये.

शंका : शेतकरी स्वतःच गांजलेला आहे. त्याला दोष कसा द्यावा?

समाधान : एकट्या त्यास दोष देणे हा अन्यायच होय. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत माणदेशातील माणसे जनावरांसह चारा छावणीत राहिली. म्हसवडच्या छावणीत कित्येक कुटुंबांनी महिनोन्महिने काढले, पण दावणी मोडल्या नाहीत. २०२२ साली लम्पी रोगाने गोठे ग्रासले. त्यानंतर दुधाचे दर कोसळले, आणि २०२४ साली गाईच्या दुधास लिटरमागे पाच रुपये अनुदान देण्याची वेळ शासनावर आली. जो दर उत्पादन-खर्चास पुरत नाही, त्यात वासराचा वाटा कोठून निघणार? तस्मात स्वस्त दूध मागणारा शहरवासीही या हिंसेचा भागीदार आहे, आणि तांब्या पुढे करणारा भिक्षुकही आहे.

आता आचरणाचा विचार. वासरू नर असो वा मादी, जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्यास पोटभर चीक मिळालाच पाहिजे, कारण रोगप्रतिकाराची शक्ती त्यास चिकातूनच येते आणि काही तासांनंतर ती आतड्यात शोषली जात नाही. पहिल्या दिवसांचा चीक डेअरीस चालतही नाही, मग तो देण्यात कृपणता कशाला? गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून विश्रांती घेते. त्यासाठी फलटण परिसरात रुजलेली मुक्त संचार गोठ्याची पद्धत अनुकरणीय आहे. तीत दावे नसते, पाणी सदैव समोर असते आणि बांधकामाचा खर्चही बेताचा असतो. कृष्णाकाठी नुसत्या उसाच्या वाढ्यांवर जनावर पोसू नये, त्यातील ऑक्झॅलेटमुळे शरीरातील चुन्याचा अंश घटतो. मादी वासरेच जन्मावीत म्हणून निवडलेले वीर्य आता मिळते, आणि त्यापासून दहांत नऊ कालवडी होतात. नकोसा ठरणारा जीव जन्मासच न येणे हे उपासमारीहून निश्चित बरे. तथापि दहावा गोऱ्हा उरतोच, आणि भाकड गाईचा प्रश्नही उरतो. त्यांच्यासाठी गावाने व मंदिरांनी पुढे यावे. ज्या मठास शेतजमीन आहे त्याने दोन-चार निरुपयोगी म्हटलेली जनावरे सांभाळली, तर ते कार्य ग्रंथनिरूपणाहून कमी योग्यतेचे नाही. आणि उपहारासाठी दूध आणणाऱ्या उपदेशी घरास, त्याला न दुखविता, एवढेच विचारावे की वासरू कसे आहे.

त्या माउलीस आज आम्ही असे सांगू : बाई, आमचा तांब्या अर्धाच भर, उरलेले त्याला पाज. तेवढ्याने तिचे गणित सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आश्रिताचा वाटा प्रथम आपल्या पात्रातून निघाला पाहिजे. तो काढल्यावाचून दुसऱ्याच्या गोठ्यातील हिंसेविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होत नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. मारणे आणि मरू देणे यांत आश्रिताच्या बाबतीत भेद का राहत नाही, ते सशाच्या लीळेच्या आधारे स्पष्ट करा.

२. गाईचे वासरू व म्हशीचे रेडकू यांत कायदा भेद करतो, अहिंसाव्रत करीत नाही. याचे कारण लिहा.

३. आपल्या घरी वा मठात येणारे दूध कोणाच्या गोठ्यातून येते? तेथील वासराची स्थिती प्रत्यक्ष पाहून या.

दंडवत प्रणाम.